सिव्हिल थ्रीडीमध्ये कर्बमधील इनलेटचे तोंड कसे डिझाइन करावे?

सिव्हिल थ्रीडी या रस्ते आखण्याच्या सॉफ्टवेअरमधील कॉरिडॉरमध्ये (रस्त्याच्या त्रिमितीय मॉडेलमध्ये) कर्ब (रस्त्याची उंच कड) तोडून इनलेटचे, म्हणजे पावसाचे पाणी आत घेणाऱ्या जागेचे, तोंड दाखवण्याआधी त्याची लांबी हिशेबाने ठरवावी, कारण कॉरिडॉर केवळ आकार घडवतो, पाण्याचा हिशेब करत नाही. समजा, रस्त्याचा लांबीतला उतार २ टक्के, आडवा उतार २.५ टक्के, मॅनिंगचा गुणांक (पृष्ठभागाच्या खडबडीतपणाचे माप) ०.०१६ आणि कर्बलगत वाहणारे पाणी सेकंदाला ३० लिटर आहे. तर अमेरिकेच्या एचईसी-२२ या रस्त्यावरील पाण्याच्या निचऱ्याच्या मार्गदर्शिकेतील सूत्रानुसार सगळे पाणी आत घ्यायला सुमारे ६.३ मीटर लांबीचे तोंड लागते. ३ मीटरचे तोंड त्यातले जेमतेम ६८ टक्के घेते आणि उरलेले पुढच्या इनलेटच्या हिशेबात धरावे लागते.

तोंडापाशी गटर (कर्बलगतची पाणी वाहण्याची पट्टी) थोडे खोलगट केल्यास ही लांबी बरीच घटते, म्हणून माझ्या मते आधी तोच उपाय करून पाहावा. त्यासाठी तेवढ्या साखळीपुरता (रस्त्याच्या लांबीवरील अंतरापुरता) कॉरिडॉरचा वेगळा रीजन (भाग) करून त्याला खोलगट गटरची असेंब्ली (आडव्या छेदाचा साचा) लावावी, दोन्ही बाजूंना ट्रान्झिशन (आकार हळूहळू बदलणारा टप्पा) ठेवावे आणि पाइप नेटवर्कमधील इनलेटची रिम पातळी (वरच्या कडेची उंची) कॉरिडॉर सरफेसवरून घ्यावी.

सखल बिंदूवर मात्र हे सूत्र लागू पडत नाही. तिथे पाणी साचते आणि कचऱ्याने तोंड तुंबते, त्यामुळे मुख्य इनलेटच्या दोन्ही अंगांना जादा इनलेट द्यावीत.