येळ्ळूरची लेक आणि चोडणचा चिखल

येळ्ळूरहून एका पालकांचं पत्र आलंय. मुलगी बेळगावात बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, विषय वनस्पतिशास्त्र. कॉलेजची सहल गोव्याला चोडण बेटावरच्या सलीम अली अभयारण्यात गेली होती. तेव्हापासून तिने एकच धरलंय: समुद्र चढत गेला, वादळं वाढली तर ही खारफुटी, म्हणजे खाडीच्या खाऱ्या चिखलातली झाडं, टिकणार का, हे मला शिकायचंय. वडील लिहितात, “आम्ही भातवाले. समुद्र घाटाच्या पलीकडे. खाडीतली झुडपं मोजून पोट भरतं काय? बी.एड. केलं तर गावाजवळ शाळेत तरी लागेल. आणि पोरीची जात, चिखलात एकटी कुठं फिरणार?”

नमस्कार.

बी.एड.चं आधी सांगून टाकतो. ते कुठं पळून जात नाही. एमएस्सीनंतरही करता येतं, आणि दोन्ही असलं तर पीयू कॉलेजच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, जागांनाही अर्ज करता येतो. त्यामुळे ‘हे की ते’ असा पेच आत्ताच घालू नका.

तिला या विषयातलं काहीच ठाऊक नाही, असं तुम्ही लिहिलंय. ते मला पटलं नाही. बळ्ळारी नाल्याचं पाणी शिवारात शिरलं की काय होतं, हे येळ्ळूरच्या पोराला पुस्तकातून शिकावं लागत नाही. शेंडा वर असला तर भात पाण्यात उभं राहतं. शेंडा बुडून आठ-दहा दिवस गेले की कुजायला लागतं. भाताच्या देठात आणि मुळात हवेच्या पोकळ वाटा असतात, त्यांतून वरची हवा खाली पोचते. चोडणला तिने तिवराचं झाड बघितलं असेल, ते खारफुटीतलंच. त्याच्याभोवती चिखलातून पेन्सिलीएवढ्या काड्या शेकड्यांनी वर आलेल्या असतात. ती त्याची श्वास घ्यायची मुळं. भरतीला बुडतात, ओहोटीला उघडी पडून हवा घेतात. त्या झाडाला खारं पाणी चालतं, चिखल चालतो, पण पाणी वेळेवर उतरलं पाहिजे. समुद्राची पातळीच चढली तर त्या काड्या उघड्या राहण्याचे तास कमी होत जातात. भाताचा शेंडा आणि तिवराची काडी, गोष्ट एकच.

पण खारफुटी हात बांधून बसत नाही. मुळांच्या जाळीत पाण्याचा वेग मंदावतो, गाळ खाली बसतो. शिवाय जमिनीखाली झाडाची स्वतःची बारीक मुळं वाढतात, मरतात, पुरती कुजत नाहीत आणि माती फुगवत नेतात. म्हणजे झाड आपल्या पायाखालची जमीन स्वतःच उचलत असतं. शर्यत आहे ती जमीन चढण्याचा वेग आणि पाणी चढण्याचा वेग यांची. 2006 ते 2018 या काळात जगातल्या समुद्राची पातळी सरासरी वर्षाला 3.7 मिलिमीटरने चढली. 2020 मध्ये शास्त्रज्ञांनी जगभरातल्या खारफुटींच्या गेल्या दहा हजार वर्षांतल्या गाळाच्या नोंदी तपासल्या. वर्षाला सुमारे 6 मिलिमीटरच्या पुढे पाणी चढायला लागलं की खारफुटी मागे पडते, असं त्यात दिसलं. साडेतीन-चार आणि सहा. फरक तांदळाच्या दाण्याच्या लांबीएवढाही नाही.

हे मोजतात कसं ते ऐका, कारण तुमच्या मुलीचे पुढचे दिवस त्यातच जाणार आहेत. चिखलात एक पोलादी सळई ठोकत ठोकत, ती पुढे जायची थांबेपर्यंत खाली घालतात. ती कायमची तिथंच राहते. दरवेळी तिच्यावर एक आडवा हात बसवायचा आणि त्यातून नऊ काड्या हळूच चिखलाला टेकेपर्यंत खाली सोडायच्या. प्रत्येक काडी वर किती उरली ते पट्टीने मोजायचं. सहा महिन्यांनी पुन्हा त्याच जागी. शेजारीच चिखलावर पांढऱ्या दगडाच्या भुकटीचा थर पसरून ठेवलेला असतो. पुढच्या खेपेला तिथं चिखलाचा काप काढला की मधे पांढरी रेघ दिसते आणि तिच्यावर किती गाळ चढला ते कळतं. समजा रेघेवर 5 मिलिमीटर गाळ आहे, पण काड्या सांगतात की जमीन 3 मिलिमीटरच उचलली गेली. मग 2 मिलिमीटर आतल्या आत दबले. वरून बघणाऱ्याला ते कधीच दिसणार नव्हतं.

म्हणून मी मुलांना विचारतो, समुद्र आवडतो की मोजणं आवडतं? काही वर्षांपूर्वी एका मुलाला मी ‘मरीन’ या शब्दावर भाळून नको त्या कोर्सला जाऊ दिलं होतं. त्याला डॉल्फिन हवे होते. मिळाला चिखल आणि एक्सेल. दुसऱ्या सत्राला परत आला. चूक माझी होती, मी हा प्रश्नच विचारला नव्हता.

आता वादळं. वादळ झाडं मोडतं, आणि कधी कधी तेच वादळ भरपूर गाळ आणून जमीन उंचही करतं. ओडिशातलं 1999 चं महाचक्रीवादळ घ्या. केंद्रपाडा जिल्ह्यात गाव आणि समुद्र यांच्यामध्ये खारफुटीचा पट्टा जितका रुंद, तितकी माणसं कमी दगावली, असं पुढे अभ्यासात आढळलं. फ्लोरिडात 2017 च्या इर्मा वादळानंतर दहा हजार हेक्टरांहून जास्त खारफुटी वाळली. त्यातली बरीच वाऱ्याने मोडली म्हणून नव्हे, तर सखल जागी आत शिरलेलं पाणी बाहेर पडलंच नाही म्हणून. पुन्हा बळ्ळारी नालाच! जातीजातीतही फरक असतो. तिवर मोडलं तरी खोडातून नवे धुमारे काढतं, कांदळाला ते सहसा जमत नाही. वादळं वरचेवर यायला लागली तर पन्नास वर्षांनी त्या खाडीत कुठली झाडं उरतील, हा प्रश्न इथूनच सुरू होतो.

पाणी चढलं तर झाडं मागे सरकतील की, असं तुम्ही म्हणाल. सरकतात, मागे जागा असेल तर. गोव्यात मागे खाजणाचा, म्हणजे खाडीकाठच्या सखल शेतजमिनीचा, बांध असतो, कुठं रस्ता, कुठं घरं. पुढून समुद्र, मागून बांध, अशी ती कोंडीत सापडतात. अघनाशिनीच्या खाडीकाठी, कुमट्याकडे, बांधाआतल्या खारट जमिनीत शेतकरी ‘कग्ग’ नावाचं भात घेतात. तुमच्या बासमतीला तिथं आठवडाभरही उभं राहता येणार नाही. तो बांध कुणाचा आणि झाडं कुणाची, याचं उत्तर झाडं मोजून मिळत नाही. तिथल्या शेतकऱ्याशी बोलावं लागतं, आणि शेतकऱ्याची मुलगी ते शहरातल्या पोरांपेक्षा बरं करते.

‘समुद्र घाटाच्या पलीकडे’ हेही तितकंसं खरं नाही. म्हादई आपल्या खानापूर तालुक्यात, भीमगडच्या रानात उगम पावते आणि खाली मांडवी होऊन चोडणला वळसा घालते. म्हादई म्हटलं की आपल्याकडे लगेच कळसा-भांडुरा, म्हणजे तिचं पाणी वळवायचा प्रकल्प, सुरू होतं आणि भांडण पाण्यावर येऊन थांबतं. गाळाबद्दल कुणी बोलत नाही. नदीतून येणारा गाळ हे खारफुटीचं एक खाद्यच, आणि धरणात तो अडतो. कारवारकडे, उत्तर कन्नड जिल्ह्यात दोन खाड्या जवळजवळ आहेत. काळी नदीवर सुपा, कोडसळ्ळी, कद्रा अशी धरणं आहेत. अघनाशिनीवर मोठं धरण नाही, आणि 2024 मध्ये तिच्या खाडीला रामसर दर्जाही, म्हणजे जागतिक महत्त्वाची पाणथळ जागा हा मान, मिळाला. दोन्हीकडच्या चिखलात सळया ठोकून पाच वर्षं मोजत बसणाऱ्या विद्यार्थ्याला पीएचडीचा विषय शोधत हिंडावं लागणार नाही.

शिक्षणाचं थोडक्यात. कर्नाटक विद्यापीठाच्या कारवार केंद्रात सागरी जीवशास्त्राचं एमएस्सी आहे. गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान आणि वनस्पतिशास्त्र दोन्ही आहे, आणि दोनापावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था तिथून जवळ. कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागात खारफुटीवर पूर्वीपासून काम झालंय. सीमाभागातल्या मराठी मुलांना महाराष्ट्रात प्रवेशाच्या सवलती असतात, त्या वर्षीची माहितीपुस्तिका नीट वाचा. माझं मत विचाराल तर एमएस्सी वनस्पतिशास्त्रात करावं, आणि त्याच दोन वर्षांत संख्याशास्त्र आणि उपग्रहाच्या चित्रांवरून नकाशे करणं पक्कं शिकावं. नकाशे करायचं क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे, लँडसॅट उपग्रहांची 1972 पासूनची चित्रं फुकट आहेत. चांगला लॅपटॉप लागेल, तेवढा खर्च धरा.

पैशाचं लपवत नाही. कायम नोकऱ्या थोड्या आहेत. नेट ही परीक्षा देऊन जेआरएफ, म्हणजे संशोधनाची शिष्यवृत्ती, मिळाली तर महिना 37,000 रुपये आणि घरभाडं वेगळं. ती नाही मिळाली तर प्रकल्प सहायकाची कामं असतात, पैसे कमी आणि मुदत प्रकल्पापुरती. महाराष्ट्रात वन विभागाचा स्वतंत्र कांदळवन (म्हणजे खारफुटी) कक्ष 2012 पासून आहे. बंदरं-रस्त्यांचे पर्यावरण अहवाल करणाऱ्या खाजगी कंपन्या आहेत. तिथं पगार बरा मिळतो, पण गिऱ्हाइकाला हवा तसा अहवाल लिहून देण्याचा दबावही येतो, हे तिला आधीच सांगा. कर्नाटक वन खात्याचा विचार असेल तर कन्नड लागणारच. आपल्याकडे या विषयावर घरोघरी कढ आहेत, मला ठाऊक आहे. पण मराठी घरची, कन्नड लिहिता येणारी आणि कारवारच्या मच्छीमाराशी मोडक्या का होईना कोकणीत बोलणारी मुलगी या कामात दुर्मिळ आहे.

‘एकटी चिखलात’ची काळजी रास्त आहे. पण हे काम एकट्याने करतच नाहीत. सळईचा तो हात धरायलाच दोघं लागतात. पोहायला येतं का, ते पत्रात नाही. येत नसेल तर या उन्हाळ्यात विहिरीत शिकवा.

आणि तोवर घरीच एक करून बघा. पावसाळ्याआधी नाल्याकाठच्या, नांगर न लागणाऱ्या कोपऱ्यात हातभर चौकोनात रांगोळीचा जाड थर पसरायचा. चार कोपऱ्यांना खुंट्या. दिवाळीच्या सुमारास पीव्हीसी पाइपचा तुकडा त्यात दाबून काप काढायचा आणि पांढऱ्या रेघेवर किती गाळ बसला ते मोजायचं. अशा तीन-चार जागा कराव्यात, एखादी वाहून जाईलच. ती वही मुलाखतीला सोबत न्यावी. आणि हे करताना तिला कंटाळा आला तर मला कळवा, मग बी.एड.चं बोलू.

मधे एकदा तिला घेऊन तुम्हीही चोडणला जाऊन या. दिवस मात्र तिथी बघून ठरवा. कोळ्यांचा जुना हिशेब आहे: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. पंचमीला पावणेचारला भरती, म्हणजे सकाळी पावणेदहा-दहाच्या आसपास ओहोटी. पहाटे पाचला निघून चोर्ला घाटातून उतरलात तर रायबंदरची फेरीबोट गाठून त्या काड्या उघड्या असतानाच पोचाल.