ग्वाल्हेरच्या उन्हाळ्यात बॅटरीचे ड्रिल: नव्या सुतारास सल्ला
आपण या कामात नवे आहात, म्हणून पहिले ड्रिल घेण्यापूर्वी एवढे ध्यानात घ्यावे की खोक्यावरच्या 18 आणि 20 व्होल्ट या आकड्यांत बहुधा फरक नसतो. दोन्हींत लिथियम-आयनचे 3.6 व्होल्टचे पाच सेल एकामागे एक जोडलेले असतात आणि पूर्ण चार्ज होताच त्यांची बेरीज विसाच्या वर जाते. जाहिरातीला तोच आकडा आवडतो. खरा हिशेब अँपिअर-तासांचा, म्हणजे बॅटरीत किती विद्युतभार मावतो त्याचा, आहे. 18 व्होल्टची 2 अँपिअर-तासांची बॅटरी 36 वॉट-तास ऊर्जा साठवते, तर 5 ची 90. परंतु मोठी बॅटरी जड असते, आणि शिडीवर उभे राहून पडद्याचे रॉड लावताना ते वजन मनगटाला जाणवते, म्हणून मी दोन लहान बॅटऱ्याच बाळगतो. ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या जुन्या वाड्यांच्या दगडी भिंतींना मात्र रोटरी हॅमरच (फिरताना जोरदार ठोकेही देणारे यंत्र) हवा.

आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 अंशांच्या आसपास पोहोचतो, आणि लिथियम बॅटरीचे आयुष्य उष्णतेनेच सर्वाधिक घटते. तिला स्कूटरच्या डिकीत ठेवू नये (माझी एक अशीच गेली). कामाने तापलेली बॅटरी सावलीत निवल्यावरच चार्जरला लावावी. महिनाभर काम नसेल, तर ती साधारण अर्धी चार्ज करून घरात थंड जागी ठेवावी.