तपकिरी, राखी-जांभळ्या आणि हिरव्या गुलाबांच्या सोबतीला काय लावावं?

तुम्ही लिहिलंय की एकाच वाफ्यात तपकिरी 'हॉट कोको', राखी-जांभळा 'ब्लू मून' आणि हिरवा गुलाब असे तीन गुलाब आहेत. मधे नारिंगी झेंडू आणि लाल साल्व्हिया लावलाय. सगळी झाडं ठणठणीत आहेत, तरी गुलाब मळके दिसतात आणि येणारे-जाणारे विचारतात, "याला काही रोग पडलाय का?" गुलाब काढून साधे लाल-गुलाबी लावावेत का, असं तुम्ही विचारलंय.

गुलाब अजिबात काढू नका. शेजार बदला.

मी हे इतक्या खात्रीने सांगतेय, कारण मीही एक असाच गुलाब जवळजवळ उपटला होता. 'ज्युलियाज रोझ' नावाचा एक गुलाब आहे, १९७६ सालचा, जुन्या कागदासारखा बदामी-तांबूस. त्याच्या पायाशी मी गर्द नारिंगी झेंडूची रांग लावली होती. विचार असा की तांबूस आणि नारिंगी एकाच घराण्यातले, जमेल त्यांचं. फुलं आली ती सुकायला लागल्यासारखी दिसली. पाणी कमी पडतंय म्हणून पाणी वाढवलं, खत बदललं, काही फरक नाही. मग एकदा त्याचं एक फूल तोडून घरात आणलं आणि हाताशी होत्या म्हणून जांभळ्या पानांच्या तुळशीच्या चार काड्या त्याच पेल्यात खोचल्या. तेच फूल घासलेल्या तांब्यासारखं उजळलं. झाड बदललं नव्हतं, हवा बदलली नव्हती. बदलला होता फक्त शेजार.

यामागचं कारण समजून घेतलंत तर माझ्या यादीची तुम्हाला गरजच पडणार नाही, म्हणून थोडं सविस्तर सांगते.

तपकिरी हा इंद्रधनुष्यातला रंग नाही. आजूबाजूच्या उजेडापेक्षा मंद असलेल्या नारिंगीलाच आपला डोळा तपकिरी म्हणतो. म्हणजे फूल तपकिरी आहे की तांबूस, हे निम्मं पाकळी ठरवते आणि निम्मं तिच्या भोवतालचं. शेजारी तिच्यापेक्षा झगझगीत नारिंगी असेल, तर डोळा तुलना करतो आणि गुलाब हा त्याच रंगाचा विटलेला तुकडा वाटतो. तुमच्या 'हॉट कोको'चं नेमकं हेच झालंय. उलट शेजारी त्याच्याहून गडद काही असेल, तर तोच गुलाब आतून पेटल्यासारखा दिसतो.

राखी रंगाचं याहून नाजूक आहे. पॅरिसमधल्या गोबलँच्या विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचे प्रमुख असलेले रसायनशास्त्रज्ञ मिशेल शेव्रल यांच्याकडे एक तक्रार आली होती, की काळा धागा पुरेसा काळा दिसत नाही. त्यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. त्या काळ्याच्या शेजारी निळे-जांभळे धागे होते आणि दोष त्या शेजाराचा होता. पुढे १८३९ मध्ये त्यांनी याचा नियमच मांडला: शेजारशेजारचे दोन रंग एकमेकांना आपल्या विरुद्ध रंगाकडे ढकलतात. लाल रंग शेजाऱ्याला हिरवट करतो, पिवळा जांभळट करतो, हिरवा गुलाबीसर करतो. ठळक रंगावर याचा फारसा परिणाम जाणवत नाही. पण 'ब्लू मून'सारखा फिकट, राखेची झाक असलेला जांभळा बिचारा लगेच ढकलला जातो. तुमच्या लाल साल्व्हियाने त्याला हिरवट केलंय, आणि हिरवट झाक आलेली फिकट पाकळी माणसाला आजारीच वाटते. रोगाबद्दल विचारणाऱ्या पाहुण्यांचं काही चुकलेलं नाही.

आता एकेक गुलाब घेऊ.

'हॉट कोको' हा अमेरिकेतले टॉम कॅरुथ यांनी घडवलेला. त्याची एक पाकळी उलटून बघा. वरून धुरकट विटकरी, मागून गंजासारखी गडद. असल्या गुलाबाचे सोबती मी पाकळीच्या मागच्या बाजूवरून निवडते, पुढच्या नाही. मागचा गडद रंग पानांमधून आणायचा: जांभळ्या पानांची तुळस, गडद तांबूस पानांचं कोलियस, तांबूस पानांची बडीशेप, थंड हवा असेल तर ह्यूकेरा. पैकी बडीशेप माझी सगळ्यात लाडकी. तिची पानं धुरासारखी विरळ असतात, मागून उजेड आला की त्यातून गुलाब दिसतो आणि झाकलाही जात नाही. कोलियस मात्र भर उन्हात करपू शकतं. ते गुलाबाच्या सावलीच्या बाजूला ठेवा आणि एका रंगाच्या पानांचंच घ्या. चार रंगांची नक्षी असलेलं कोलियस स्वतःच इतकं बोलतं की गुलाबाला तोंड उघडायला जागा राहत नाही.

तपकिरी गुलाबासाठी दुसरी युक्ती त्यांच्या वंशावळीतून मिळते. वर सांगितलेला 'ज्युलियाज रोझ' कोणाचा, माहितेय? 'ब्लू मून' या फिकट जांभळ्या गुलाबाचा आणि एका पिवळ्या गुलाबाचा. पाकळीत लाल-जांभळी छटा पेशीरसात विरघळलेल्या अँथोसायनिन या रंगद्रव्यामुळे येते आणि पिवळी कॅरोटिनॉइड या रंगद्रव्यामुळे. दोन्ही एकाच पाकळीत आली की हे मातकट, मधाळ, विटकरी रंग तयार होतात. म्हणून तपकिरी गुलाबाशेजारी फिकट जांभळं आणि फिकट लिंबोणी, हे दोन्ही रंग उपरे वाटत नाहीत. ते त्याच्यातच आहेत. त्यात जांभळा शेजार शेव्रलच्या नियमाने त्याला सोनेरीकडे ढकलतो, तो फायदा वेगळाच. कॅटमिंट, फिकट जांभळा व्हर्बिना, ॲजेरेटम यातलं तुमच्या हवेत जे तगेल ते घ्या. एकच घ्या, पण भरपूर घ्या.

पांढरं शुभ्र काही मात्र 'हॉट कोको'ला चिकटून लावू नका. "पांढरा कशाबरोबरही जातो" असं सगळे सांगतात, पण तपकिरीच्या बाबतीत हे मला पटत नाही. सगळ्यात उजळ रंग शेजारी बसला की तपकिरी अजून मातकट होतो. मोतिया, सायीसारखा पांढरा चालेल.

'ब्लू मून'कडे येऊ. याच्या नावातला 'ब्लू' ही आशा आहे, वस्तुस्थिती नाही. खऱ्या निळ्या फुलांमध्ये डेल्फिनिडिन नावाचं रंगद्रव्य बहुधा असतं. ते तयार करणारं एक एन्झाइम गुलाबाकडे नाही. जपानच्या सन्टोरी कंपनीने पॅन्सीचं जनुक घालून तसा गुलाब तयार केला, २००४ मध्ये जाहीर केला आणि २००९ मध्ये विकायला आणला, पण तोही डोळ्यांना फिकट जांभळाच दिसतो. याचा वाफ्यात उपयोग असा: 'निळ्या' गुलाबाशेजारी खरंखुरं निळं फूल कधीही लावू नका. निळा साल्व्हिया, डेल्फिनियम, कॉर्नफ्लॉवर, सगळी सुंदर आहेत, पण यांच्या शेजारी 'ब्लू मून' एकदम गुलाबीसर आणि थकलेला दिसतो. लोक निळ्यावर निळं लावायला जातात आणि तिथेच फसतात.

त्याला हवी असते फिकट पिवळ्याची सोबत. हळदीसारखी पिवळी नको, लोण्यासारखी. फिकट पिवळं स्नॅपड्रॅगन, फिकट पिवळी शेवंती. पिवळा त्याला जांभळटकडे ढकलतो आणि फूल अचानक ताजं दिसू लागतं. माझं स्वतःचं सगळ्यात आवडतं जोडकाम मात्र फुलझाडाचं नाहीच. शेपू फुलावर जाऊ द्या. त्याच्या छत्रीसारख्या, हिरवट-पिवळ्या बारीक फुलोऱ्यातून 'ब्लू मून'ची मोठी फुलं वर आलेली बघितल्यावर मी त्या वाफ्यातलं बाकीचं सगळं काढून टाकलं होतं. आणि पायाशी रुपेरी पानं: दवणा, डस्टी मिलर, लॅम्ब्ज इअर. रुपेरी-राखाडी पान कुठल्याच रंगाकडे ढकलत नाही, ते नुसतं शांत राहतं.

अजून एक. 'ब्लू मून' उन्हात विटतो. त्याला सकाळचं ऊन सहा तास मिळालं आणि दुपारी उशिरा थोडी सावली आली, तर रंग जास्त टिकतो. पश्चिमेच्या बाजूला कॉसमॉससारखं उंच, विरळ झाड असेल तर तेवढी सावली मिळते. तेही फिकट रंगाचंच बघा.

हिरवा गुलाब हे वेगळंच प्रकरण आहे. त्याला पाकळ्या नाहीतच. जी पाकळ्यांसारखी दिसतात ती सगळी निदलं आहेत, म्हणजे कळीभोवती एरवी जी हिरवी पात्यं असतात तीच. म्हणून तो फार टिकतो आणि जुना होताना कडांनी तांबूस होत जातो. हिरव्या पानांपुढे मात्र तो दिसतच नाही. त्याला वाफ्याच्या मध्यात ठेवून वर रंगीत फुलं लावाल, तर लोकांना ते तण वाटेल. त्याची जागा वाटेच्या कडेला, जिथे माणूस वाकून बघेल. मागे गडद लाल पानांचा राजगिरा नाहीतर जांभळी तुळस, आणि पुढे पांढरं ॲलिसम. इथे मात्र शुभ्र पांढरा चालतो, कारण त्या शेजारी त्याचा हिरवा रंग 'हा मुद्दाम आहे' असं सांगू लागतो.

बघा, जांभळी तुळस 'हॉट कोको'लाही लागतेय आणि हिरव्यालाही. तिन्ही एकाच वाफ्यात ठेवायचे असतील तर हीच तुमची दोरी: जांभळी तुळस सगळीकडे थोडी थोडी. 'ब्लू मून' आणि 'हॉट कोको' मात्र खेटून नकोत. त्यांच्या मधे रुपेरी पानांचा पट्टा सोडा.

आता मुळांचं. गुलाब खादाड आणि तहानलेला, शिवाय त्याच्या बुंध्याशी हवा खेळती लागते, नाहीतर पानांवर काळे ठिपके आणि भुरी येते. सोबतीची झाडं बुंध्यापासून साधारण ४५ सेंटीमीटर लांब ठेवा आणि गुलाबाच्या गुडघ्यापर्यंतच वाढू द्या. बडीशेप आणि शेपू उंच जातात, पण विरळ असल्याने चालतात, तेही मागच्या बाजूला. दवणा, डस्टी मिलर, लॅव्हेंडर यांना कोरडी, निचऱ्याची माती आवडते. गुलाबाइतकं पाणी त्यांना दिलंत तर मुळं कुजतील. त्यांना वाफ्याच्या उंच कडेला लावा किंवा कुंडीत लावून कुंडीच वाफ्यात ठेवा. पुदिना मोकळ्या मातीत अजिबात सोडू नका, दोन हंगामांत तो गुलाबाच्या मुळांत शिरतो.

झेंडू तुम्ही सूत्रकृमींसाठी, म्हणजे मातीतल्या धाग्यासारख्या बारीक कृमींचा बंदोबस्त म्हणून, लावला असं लिहिलंय. हेतू बरोबर आहे, फ्रेंच झेंडूच्या मुळांतल्या द्रव्याने मुळांवर गाठी करणारे सूत्रकृमी कमी होतात. पण त्याचा खरा उपयोग होतो तो गुलाब लावण्याआधी दोन-तीन महिने तो वाफा झेंडूने दाट भरून काढला तर. लावलेल्या गुलाबाभोवती चार रोपं ठेवून तेवढं काम होत नाही. तेव्हा पुढच्या नव्या वाफ्यासाठी झेंडू राखून ठेवा. माव्याची काळजी असेल तर ॲलिसम आणि शेपूचा फुलोरा आहेच. त्यावर सिरफिड माश्या येतात आणि त्यांच्या अळ्या मावा खातात.

काहीही विकत घेण्याआधी एक काम करा. तिन्ही गुलाबांची दोन-दोन फुलं तोडा, एक आज उमललेलं आणि एक उतरतीला लागलेलं. ती हातात धरून, तुमच्याकडे आधीच असलेल्या प्रत्येक झाडाच्या पानांसमोर नेऊन बघा. सकाळी बघा आणि दिवेलागणीलाही बघा, कारण कमी उजेडात डोळ्याला लाल-नारिंगी रंग काळवंडलेले आणि निळसर रंग उजळ दिसतात. संध्याकाळी बागेत बसत असाल तर 'हॉट कोको' अंधारात बुडेल आणि 'ब्लू मून' तरंगेल. तसं असेल तर 'हॉट कोको'च्या पायाशी मोतिया रंगाचं काहीतरी नक्की हवं. उतरतीचं फूल ज्याच्यासमोर चांगलं दिसेल, तो सोबती निवडा. ताजं फूल कशासमोरही चांगलं दिसतं, पण वाफ्यात बहुतेक दिवस आपल्याला उतरतीचीच फुलं बघायची असतात.

लाल साल्व्हिया फेकू नका. गर्द हिरव्या कुंपणासमोर तो एकटा लावून बघा, तिथे तो फार छान दिसेल.