मुलाला आयटीआयला घालू की कामाला लावू?

प्रश्न: मुलगा यंदा दहावीला ६४ टक्क्यांनी पास झाला. त्याला आयटीआयला इलेक्ट्रिशियन करायचं आहे. सरकारी आयटीआय घरापासून ३० किलोमीटरवर, तिथं नंबर लागेलच असं नाही. जवळच्या खासगी संस्थेत दोन वर्षांचे सत्तर हजार सांगतात, त्यासाठी माझ्या पाटल्या गहाण ठेवाव्या लागतील. धाकटे दीर घरांच्या वायरिंगची कामं घेतात. ते म्हणतात, दोन वर्षं कशाला घालवता, माझ्याकडे पाठवा, आजपासून ४०० रुपये हजेरी देतो. काय करावं?
– एक आई, नेवासे तालुका

उत्तर: ताई, मी २७ वर्षं आयटीआयमध्ये इलेक्ट्रिशियन ट्रेडचा निदेशक होतो, तरी सांगतो, तुमचे भाऊजी अर्धं खरं बोलतात. हात कामावरच बसतो. आणि खर्चाचा हिशेब करताना आपण फी मोजतो, मोठा आकडा विसरतो. ४०० रुपयांनी महिन्याच्या २५ हजेऱ्या धरल्या तर १०,०००, दोन वर्षांचे २,४०,०००. मुलगा शिकायला गेला की हे पैसे घरात येत नाहीत. सरकारी आयटीआयची फी, एसटीचा पास, पक्कड-टेस्टर, वह्या, गणवेश हे सगळं त्यापुढे किरकोळ आहे. तेव्हा प्रश्न हा, की एवढे पैसे सोडून त्याला काय मिळतं.

पहिलं म्हणजे कागद. भाऊजींना विचारा, नवीन मीटरसाठी टेस्ट रिपोर्टवर, म्हणजे वायरिंग तपासल्याच्या कागदावर, सही कोणाची असते? त्यांच्याकडे स्वतःचा परवाना असेल तर उत्तमच. नसेल तर सही दुसऱ्याची आणि घाम यांचा, असं चाललेलं असणार. वायरिंगचं काम परवानाधारक ठेकेदारानं, परवाना असलेल्या माणसांकडूनच करून घ्यावं असा नियम आहे. माझ्या ओळखीचा एक फार चांगला कारागीर १४ वर्षं दुसऱ्याच्या परवान्याखाली राबला, कारण आयटीआय केली नव्हती. महावितरणच्या विद्युत सहायक भरतीलाही इलेक्ट्रिशियन किंवा वायरमनची आयटीआय लागते. तिथं आधी तीन वर्षं ठरावीक मानधन, मग तंत्रज्ञ. पण भरती रोज निघत नाही, त्या एका आशेवर हिशेब बांधू नका.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. माझा एक विद्यार्थी दुसऱ्या वर्षाला असताना त्यांच्या विहिरीवरच्या पाणबुडी मोटरचा फ्यूज सारखा उडायचा. गावातल्या वायरमननं तीनदा फ्यूजची तार बदलली, दर वेळी आधीपेक्षा जाड. मग म्हणाला मोटर जळाली, वर काढा, वाइंडिंगला द्या. पोरानं वर्कशॉपमधून माझ्या परवानगीनं मेगर नेला, म्हणजे तारेच्या आवरणातून वीज गळते का ते मोजणारं यंत्र. आधी मेन स्विच बंद. स्टार्टरपाशी केबल सोडवून अर्थशी मोजलं, काटा शून्यावर, म्हणजे कुठंतरी आवरण गेलेलं. बाकीचे म्हणाले, बघ, जळालीच. त्यानं विहिरीच्या काठावरचा जोड सोडवला आणि दोन्ही बाजू वेगळ्या मोजल्या. मोटरकडं काटा झकास वर गेला. शून्य दाखवत होता तो स्टार्टरपासून काठापर्यंत जमिनीत पुरलेला केबलचा तुकडा. तेवढा बदलला आणि मोटर पाण्यातून न काढता चालू झाली. खराबी कुठं आहे हे तुकडे पाडून शोधायचं, हे शिकवायला कोणीतरी शेजारी उभं असावं लागतं. हेल्परला ते कोणी सांगत नाही, त्याला शिडी धरायला लावतात. आणि १६ वर्षांचं पोर अर्थिंग तपासायला न शिकता शिडीवर चढलेलं मला बघवत नाही.

खासगी संस्थेसाठी मात्र पाटल्या गहाण ठेवू नका. कर्जावरचं व्याज धरलं तर हिशेब फार ताणतो. सरकारीत नंबर लागेल तिथपर्यंत प्रत्येक फेरीला विकल्प भरा, जवळच्या तालुक्यांतलेही भरा, वायरमन ट्रेडही भरा. तरीही खासगीत जायची वेळ आलीच तर आधी वर्कशॉप बघा. तीन फेजच्या मोटरी आहेत का, मोठी मोटर सुरू करायचा स्टार-डेल्टा स्टार्टर मुलं स्वतः जोडतात का, की कपाटात काचेमागं ठेवलाय? फीची पावती पूर्ण रकमेची देतात का? ट्रेडला केंद्र सरकारची मान्यता आहे का, हे लेखी घ्या.

दोन वर्षांनंतर एक वर्ष कंपनीत शिकाऊ उमेदवारी करू द्या. २०१९च्या नियमांनी आयटीआय झालेल्याला महिन्याला किमान ७,००० रुपये विद्यावेतन ठरवलं. ही हजेरीपेक्षा कमी रक्कम दिसेल, तरी ते वर्ष सोडू नका, पॅनेल आणि मोठी मशिनं तिथंच हाताखालून जातात. पुढं शिकायचं मनात आलं तर पॉलिटेक्निकच्या डिप्लोमाला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेशाची वाटही आहे.

भाऊजींना दुखवू नका, त्यांची मदत लागणार आहे. रविवारी आणि सुट्टीत मुलाला त्यांच्याकडे पाठवा. वर्गात शिकलेलं जिन्याचं वायरिंग खऱ्या घरात करून बघेल, चार पैसेही मिळतील.

एक आत्ताच सांगून ठेवतो. सुरुवातीला त्याला विजेच्या आधी कानस चालवायला, लोखंड घासायला लावतील. हाताला फोड येतील, घरी येऊन म्हणेल, यापेक्षा काकाकडं बरं होतं. तेवढे दिवस भाऊजींना सांगा, त्याला कामावर बोलवू नका.