जुन्या माझदा एमएक्स-५ च्या (१.६ इंजिन) गिअरबॉक्सजवळ ऑइल गळतंय. मागचं मेन सील (क्रँकशाफ्टच्या मागच्या टोकाचं ऑइल सील) घरी बदलता येईल का?

येईल, पण त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो. आधी ते सीलच गळतंय याची खात्री करा. या गाडीत बऱ्याचदा खरा चोर वर असतो: सिलिंडर हेडच्या मागच्या टोकाला, फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिनमधल्या भिंतीच्या) बाजूला बसवलेल्या कॅम अँगल सेन्सरची (कॅमशाफ्ट किती फिरला ते मोजणाऱ्या सेन्सरची) ओ-रिंग, म्हणजे रबरी कडं. उष्णतेनं ती प्लास्टिकसारखी कडक होते, ऑइल क्लचच्या हाउसिंगवरून खाली ओघळतं आणि दोष मेन सीलवर जातो. व्हॉल्व्ह कव्हरचं गॅस्केटही मागून गळतं, तेही बघून घ्या.

थंड इंजिन ब्रेक क्लीनरनं पुसा, कोरडं झालं की वरून टाल्कम पावडर भुरभुरा, गाडी फिरवून आणा. ओल कुठून सुरू होते ते दिसेल.

ओ-रिंग असेल तर काम सोपं. सेन्सर आणि हेडवर आरपार एक रेघ ओढा. ही रेघ टाळू नका, कारण सेन्सर फिरला की इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) बदलतं. सेन्सरच्या वायरचा प्लग काढा, १२ मिमीचा एकच बोल्ट सोडवा (हात नीट पोहोचत नाही, चिडचिड होणारच), सेन्सर हलवत ओढून काढा. नवी ओ-रिंग ऑइल लावून बसवा. सेन्सरचा हेडमध्ये जाणारा दांडा एकाच बाजूनं बसतो, जोर करू नका. रेघा जुळवून बोल्ट आवळा. डायग्नोस्टिक बॉक्समध्ये टीईएन आणि जीएनडी अशी खूण असलेली टोकं तारेनं जोडून टायमिंग लाइटनं (टायमिंग मोजायच्या दिव्यानं) टायमिंग १० अंश आहे का ते तपासा.

ओल फक्त हाउसिंगच्या तळाशीच दिसली, तर मात्र मेन सील. तेव्हा क्लच प्लेटही सोबतच बदला.