‘हो’ म्हटल्यावर झोपू दिलंत

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय लेकी,

परवा घरी आलीस तेव्हा चहा पार निवेपर्यंत एकाच प्रश्नावर अडून होतीस. “काका, ज्यानं काहीच केलं नाही तो कबूल कशाला करेल?” मी विषय बदलला, कारण त्याचं उत्तर देताना मला माझीच एक केस सांगावी लागते. पण त्र्यंबक रोडवरच्या अकादमीतून तू लवकरच फौजदार होऊन बाहेर पडशील. त्याआधी हे तुझ्यापर्यंत पोचलंच पाहिजे, म्हणून लिहितोय.

द्राक्षांचा हंगाम होता. जिल्ह्यातल्या एका ठाण्यात मी नवा सब-इन्स्पेक्टर. एका पॅकहाउसमधून मजुरांच्या पगाराचे १,८०,००० रुपये गेले होते, कपाट उचकटलेलं होतं. डीबीच्या, म्हणजे ठाण्याच्या गुन्हे शोध पथकाच्या पोरांनी तिथलाच एक मजूर आणून माझ्यासमोर बसवला. वय १९. आदल्या संध्याकाळी तो कपाटापाशी दिसला होता, आणि बोलताना नजर चुकवत होता. मला तेवढं पुरलं.

मी त्याला एक चापटही मारली नाही. कितीतरी वर्षं मी हे अभिमानानं सांगत होतो. रात्रभर फक्त प्रश्न विचारले, तेच तेच, फिरवून फिरवून. डुलकी लागली की हवालदार त्याला उठवायचा. पहाटे साडेचारला तो म्हणाला, “हो साहेब, मीच केलं.” मग सगळं सांगितलं. कपाट स्क्रू-ड्रायव्हरनं उचकटलं, पैसे वर्तमानपत्रात गुंडाळले, शेताच्या बांधावर कडुलिंबाखाली पुरले. आम्ही पंच घेऊन गेलो, कमरेइतकं खणलं. काही निघालं नाही. तरी मला शंका आली नाही. मला वाटलं, पठ्ठ्या अजून जागा लपवतोय.

अकरा दिवसांनी रोकड मालकाच्याच नात्यातल्या एकाकडे सापडली. पोरगा सुटला तेव्हा मी त्याला विचारलं, “कबूल का केलंस रे?” तो म्हणाला, “‘हो’ म्हटल्यावर तुम्ही झोपू दिलंत.”

तुझ्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या एका वाक्यात आहे. खोलीत बसलेल्या माणसाला तुरुंग, कोर्ट, बदनामी हे सगळं लांबचं वाटतं. झोप मात्र समोर, हाताच्या अंतरावर असते. २०१६ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. संगणकावर काम करताना एक ठरावीक कळ दाबायची नाही, असं लोकांना बजावलं होतं. नंतर, ती कळ दाबल्याचं कबूल करणाऱ्या कागदावर सही करा, असं त्यांना सांगितलं. कुणीही ती दाबली नव्हती. रात्री झोपलेल्यांपैकी पहिल्याच मागणीला १८ टक्क्यांनी सही केली; रात्रभर जागवलेल्यांपैकी ५० टक्क्यांनी. फक्त एका रात्रीचं जागरण, आणि तेही कोठडीबाहेर, दमदाटीशिवाय.

उरलेलं अर्धं उत्तर मला पटायला जास्त वेळ लागला. निर्दोष माणूस निर्दोष असतो म्हणूनच सापळ्यात अडकतो. सॉल कॅसिन या मानसशास्त्रज्ञांनी २००४ साली एका लुटुपुटीच्या चोरीत तपासलं, की गप्प राहण्याचा हक्क कोण सोडतं. खरोखर चोरी केलेल्यांपैकी ३६ टक्के बोलायला तयार झाले, न केलेल्यांपैकी ८१ टक्के. मी काही केलंच नाही तर लपवायचं काय, असा त्यांचा हिशेब. कबुली देतानाही मनात तेच असतं: आत्ता हो म्हणू, पुढं खरं काय ते कळेलच. पुढं ते शोधून काढणारा माणूस तूच असणार आहेस, आणि तू तर कबुली मिळाली म्हणून फाइल मिटायला निघालेली असशील.

खोट्या कबुलीचा आणखी एक प्रकारही आहे, क्वचित दिसणारा पण भयंकर. कॅसिन यांच्याच १९९६ च्या, अशाच कळीच्या प्रयोगात ‘तुला कळ दाबताना मी पाहिलं’ असं कुणी खोटंच सांगितलं, की काही जण नुसती सही करून थांबत नव्हते; आपण ती दाबलीच, असं त्यांना मनापासून वाटू लागलं. तेव्हा ‘तुझ्या साथीदारानं सगळं सांगितलंय’ ही आपल्याकडची जुनी युक्ती वापरण्याआधी थांब. थकलेल्या, भेदरलेल्या पोराच्या डोक्यात तू काय पेरतेयस, याचा विचार कर.

आता त्या स्क्रू-ड्रायव्हरकडे ये. मला सगळ्यात जास्त खात्री त्यानंच दिली होती. ज्यानं चोरी केली नाही त्याला ही गोष्ट कशी ठाऊक? पुढं कधीतरी माझी वही चाळताना दिसलं, की रात्री अकराच्या सुमारास मीच विचारलं होतं, “स्क्रू-ड्रायव्हर कुठं टाकलास?” वर्तमानपत्रही माझंच. बांध तेवढा त्याचा, कारण काहीतरी सांगणं भाग होतं. ब्रँडन गॅरेट या कायद्याच्या अभ्यासकांनी २०१० साली, डीएनए चाचणीनं नंतर खोट्या ठरलेल्या ४० कबुल्या तपासल्या. दोन वगळता बाकी सगळ्यांत खऱ्या गुन्हेगारालाच ठाऊक असावेत असे तपशील होते. ते आत कुठून आले असतील?

आणि नजर चुकवण्याचं म्हणशील, तर खरं-खोटं ओळखण्यात माणसांचा अंदाज सरासरी ५४ टक्के बरोबर येतो, असं शेकडो अभ्यासांच्या एकत्रित हिशेबातून दिसलंय. म्हणजे नाणं उडवल्यापेक्षा जरासा बरा.

तू म्हणशील, पोलिसांपुढची कबुली कोर्टात चालतच नाही. बरोबर. १८७२ च्या पुरावा कायद्याचं कलम २५ तेच सांगत होतं, आजच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम २३ तेच सांगतं. कबुलीमुळे वस्तू सापडली तर तेवढाच भाग चालतो. संघटित गुन्हेगारीविरुद्धच्या मकोकासारख्या कायद्यात मात्र एसपी दर्जाच्या अधिकाऱ्यापुढचा जबाब ग्राह्य धरला जातो. आपल्याच जिल्ह्यातल्या मालेगावात ८ सप्टेंबर २००६ ला स्फोट झाले, तेव्हा पकडलेल्या नऊ जणांच्या केसमध्ये असे कबुलीजबाब होते. ते त्यांनी पुढं नाकारले, आणि २०१६ साली विशेष न्यायालयानं त्या आरोपींना आरोपमुक्त केलं. मधली दहा वर्षं कोण भरून देणार?

पण कोर्टात न चालणारी कबुलीही तुझ्या डोक्यात चालतेच. मला तिची खरी भीती तिथं वाटते. ती मिळाली की दुसरीकडचा शोध थांबतो. आपल्या नाशिकचीच जून २००३ ची केस वाच, दरोडा, बलात्कार आणि खुनांची. तिथं मुद्दा कबुलीचा नव्हता, साक्षीदाराच्या ओळखीचा होता, पण डोकं अडकण्याची रीत तीच. हल्ल्यातून बचावलेल्या साक्षीदारानं आधी पोलिसांच्या अल्बममधून चार वेगळ्याच माणसांचे फोटो दाखवले होते. त्या चौघांचा तपास झाला नाही. सहा भटक्या जमातीच्या माणसांना २००९ साली सर्वोच्च न्यायालयातून फाशीची शिक्षा झाली, आणि ५ मार्च २०१९ ला त्याच न्यायालयानं सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी ५ लाख रुपये भरपाई द्यायला लावली. ज्या कुटुंबातली माणसं गेली, त्यांनाही न्याय मिळाला नाही. हे विसरू नकोस.

म्हणून माझं ऐक. रात्रीची चौकशी टाळ. आरोपीला जेवू दे, झोपू दे. पहिला प्रश्न मोकळा ठेव: “त्या दिवशी सकाळपासून सांग.” घटनास्थळावरच्या दोन-तीन गोष्टी मनाशीच ठेव, हवालदारालाही सांगू नकोस. आरोपीनं त्या आपणहून सांगितल्या, तर त्या कबुलीला वजन आहे. २०२० पासून ठाण्यात कॅमेरे लावायचे सर्वोच्च न्यायालयाचे आदेश आहेत. कॅमेरा बिघडला असेल तर चौकशी पुढं ढकल, कुणी हसलं तरी. आणि कबुली मिळाली की त्याच दिवशी ती खोडून काढायला बस, जणू तू आरोपीची वकील आहेस.

वरून ‘डिटेक्शन’चा, गुन्हा लवकर उघडकीस आणण्याचा तगादा येईल, सकाळी पत्रकार फोन करतील. मलाही आले होते.

रविवारी ये. ती जुनी वही मी काढून ठेवलीय. शेवटची चार पानं तूच वाच, आणि पेन्सिलीनं खूण कर: त्यातलं माझं किती आणि त्या पोराचं किती.

तुझे काका