वाचक विचारतात : एक्स्पोर्ट तर झालं, पण एक्सेलमध्ये हे काय दिसतंय?

मार्च एंड, ऑडिट आणि सोसायट्यांच्या एजीएम जवळ आल्या की वेबसाईटवरून एक्सेलमध्ये घेतलेला डेटा बिघडल्याच्या मेल्सची रांग लागते. त्यातले चार घेतलेत. नावं छापत नाही, पत्रं थोडी कापलीत.

प्रश्न : आमच्या सोसायटीचा सगळा कारभार एका वेबसाईटवर चालतो. एजीएमसाठी मेंबर लिस्ट "एक्स्पोर्ट टू एक्सेल" करून घेतली तर मराठी नावांच्या जागी इंग्रजी ए वर तिरक्या काड्या आणि कसलीतरी चिन्हं, मोबाईल नंबरच्या जागी ९.१९ई+११ असलं काहीतरी, आणि कहर म्हणजे काही फ्लॅट नंबरच्या जागी चक्क तारखा! वेबसाईटवाले म्हणतात आमच्याकडे बरोबर दिसतंय. आता खोटं कोण बोलतंय?
— सेक्रेटरी, डोंबिवली

उत्तर : खोटं कुणीच बोलत नाहीये. वेबसाईटवाल्यांचा डेटा बरोबर आहे आणि तुम्हाला दिसतंय तेही खरं आहे, मधल्या मधे गडबड केलीय एक्सेलने. बटणावर "एक्सेल" लिहिलेलं असलं तरी उतरलेली फाईल बहुतेक वेळा सीएसव्ही असते, म्हणजे साधा मजकूर, मधे मधे स्वल्पविराम, बस. त्यात कुठला कॉलम तारीख, कुठला फोन नंबर, अक्षरं कुठल्या पद्धतीने लिहिलीत, यातलं काहीच नोंदवलेलं नसतं. मग एक्सेल अतिउत्साही कारकुनासारखं स्वतःच ठरवत सुटतं आणि तुम्हाला विचारतही नाही. खात्री करायची असेल तर तीच फाईल नोटपॅडमध्ये उघडून बघा, सगळं जागच्या जागी दिसेल.

आता एकेक घेऊ. मराठी नावं का बिघडली? युटीएफ-८ मध्ये, म्हणजे वेबसाईट अक्षरं साठवायला वापरतात त्या पद्धतीत, देवनागरीचं प्रत्येक अक्षर, प्रत्येक मात्रा, प्रत्येक अनुस्वार तीन बाईट (साठवणीची घरं) खातो. एक्सेलला कुणी सांगितलं नाही की ही युटीएफ-८ आहे, तर ते जुन्या विंडोजच्या पद्धतीने एक बाईट म्हणजे एक अक्षर असं धरून वाचतं, म्हणून एकाच्या जागी तीन तीन चिन्हं येतात. आणि देवनागरीच्या सगळ्या अक्षरांचा पहिला बाईट एकच असतो, त्यामुळे तो काडीवाला ए सारखा सारखा दिसतो. तो दिसला की खरं तर हुश्श करायचं, कारण डेटा शाबूत आहे. काडीवाला ए न दिसता साधी कीबोर्डवरची इंग्रजी अक्षरं वेडीवाकडी दिसत असतील तर ते वेगळं प्रकरण, कुणीतरी श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेली नावं तशीच वेबसाईटवर पेस्ट केलीत, तिथे मुळात कन्व्हर्ट करून घेण्यावाचून इलाज नाही.

मोबाईल नंबर ९१ लावून आले की १२ आकडी होतात, आणि एक्सेल १२ आकड्यांपासून पुढची संख्या साध्या सेलमध्ये ई वाल्या पद्धतीने दाखवतं. नंबर आत पूर्ण असतो, फक्त दाखवताना आखडतो. पण, आणि हा पण फार महत्त्वाचा आहे, तीच फाईल तुम्ही परत सीएसव्ही म्हणूनच सेव्ह केलीत तर एक्सेल जे दिसतंय तेच लिहितं, म्हणजे फाईलमध्ये खरोखर ९.१९ई+११ जातं आणि पुढचे आकडे कायमचे गेले. "सेव्ह करू का" विचारलं की हात आपोआप येस वर जातो, तिथे नो म्हणायचं.

फ्लॅट नंबरचं म्हणाल तर तुमच्याकडे विंगला आकडे असणार. दुसऱ्या विंगचा ११ नंबर म्हणजे २-११, ते एक्सेलला २ नोव्हेंबर वाटतं. इथे आत नंबर शाबूत वगैरे काही नाही, सेलचं फॉरमॅट टेक्स्ट करून बघा, २-११ परत येणार नाही, एक पाच आकडी संख्या येईल. फाईल २०२४ साली उघडली असेल तर ४५५९८, कारण एक्सेल तारखा १९०० सालापासूनचे दिवस मोजून ठेवतं. गावाकडच्या जमिनीच्या याद्या करणाऱ्यांनाही हा जाच ओळखीचा असेल, गट नंबर १२/३ लिहिला की झाला १२ मार्च. आणि आपणच काय, जीन्सवर (जनुकांवर) संशोधन करणारी मंडळीसुद्धा याला वैतागली. मार्च१, सेप्ट१ अशी जीन्सची नावं, एक्सेल त्यांच्या तारखा करायचं, शेवटी जीन्सना नावं देणाऱ्या कमिटीने २०२० मध्ये नावंच बदलून मार्चएफ१, सेप्टिन१ करून टाकली! एक्सेल बदलण्यापेक्षा जीनचं नाव बदलणं सोपं गेलं, आता बोला. नंतर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने ही आपोआप बदलाबदली बंद करायची सोय दिली, फाईल, ऑप्शन्स, डेटा इथे आहे, पण त्यावर फार विसंबू नका, त्यात जेएएन१ (जानेवारी १) सारखी सलग अक्षरं-आकडे तारीख होण्यापासून वाचतात, तुमच्या २-११ मधल्या आडव्या रेघेला ते वाचवत नाही.

तर करायचं काय? सीएसव्हीवर डबल क्लिक करायचंच नाही. कोरी एक्सेल शीट उघडा, डेटा टॅबमध्ये "फ्रॉम टेक्स्ट/सीएसव्ही", फाईल निवडा, एक खिडकी येईल. त्यात फाईल ओरिजिनमध्ये "६५००१ : युनिकोड (युटीएफ-८)" निवडा, खालच्या नमुन्यात नावं लगेच मराठीत दिसायला लागतील. मग डेटा टाईप डिटेक्शनमध्ये "डू नॉट डिटेक्ट डेटा टाईप्स" करा, म्हणजे तारखा-बिरखा बंद. मग लोड. कॉलमची नावं कॉलम१, कॉलम२ अशी आली तर घाबरू नका, खरी नावं पहिल्या ओळीत असतात. मग ही शीट एक्सएलएसएक्स (एक्सेलची स्वतःची फाईल) म्हणून सेव्ह करा आणि पुढे हीच वापरा.

आणि न विचारता एक सांगते, ही लिस्ट सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. वेबसाईटला पासवर्ड आहे, या फाईलला नाही, एकदा बाहेर गेली की दोनशे घरांचे नंबर कुठकुठे फिरतील सांगता येत नाही.

प्रश्न : मी पतसंस्थेत अकाउंट्सला आहे. आमचं खातं ज्या बँकेत आहे तिथल्या पोर्टलवरून स्टेटमेंट एक्सेलमध्ये घेतो. उघडताना दरवेळी "फाईलचा फॉरमॅट आणि एक्स्टेन्शन जुळत नाही" अशी वॉर्निंग येते, येस केलं की उघडते, पण रकमेच्या कॉलमची बेरीज शून्य. शिवाय समोरच्या पार्टीचे १६ आकडी खाते नंबर आहेत त्यांचा शेवटचा आकडा सगळीकडे ० च आहे, हे कसं शक्य आहे?
— एक वाचक, सांगली

उत्तर : शक्य नाहीच, तुमचा संशय बरोबर आहे. तुमची फाईल मुळात एक्सेलची नाहीये. पोर्टल बनवणाऱ्याने स्क्रीनवरचाच टेबल, म्हणजे वेबपेजच, उचलून त्याला एक्सएलएस (जुन्या एक्सेल फाईलचं एक्स्टेन्शन) असं नाव देऊन टाकलंय. वीसेक वर्षांपूर्वीची ही युक्ती अजून जागोजागी चालू आहे. एक्सेल आत डोकावतं, त्याला वेबपेज दिसतं, म्हणून ती वॉर्निंग.

खाते नंबरचं आधी, कारण ते जास्त धोक्याचं. एक्सेल कुठल्याही संख्येचे पहिले १५ आकडेच धरून ठेवतं, सोळाव्यापासून पुढे शून्य. १२३४५६७८९०१२३४५६ चं १२३४५६७८९०१२३४५० होतं, आणि कुठेही लाल-पिवळं काही दिसत नाही. अशा शीटवरून एनईएफटीची यादी केलीत तर काय होईल ते सांगायला नको. सेल टेक्स्ट करून गेलेला आकडा परत येत नाही. मूळ फाईलमध्ये मात्र तो आहे, तिची कॉपी करून एक्स्टेन्शन एक्सएलएसचं एचटीएमएल करा आणि ब्राउझरमध्ये उघडा, पूर्ण नंबर दिसतील. मग एक कोरी शीट घ्या, सगळे सेल आधीच टेक्स्ट फॉरमॅटमध्ये करा, ब्राउझरमधून टेबल कॉपी करून पेस्ट करताना "मॅच डेस्टिनेशन फॉरमॅटिंग" निवडा. क्रम उलटा केला तर फायदा नाही, आधी टेक्स्ट, मग पेस्ट.

बेरीज शून्य येते कारण रकमा आकडे म्हणून नाही, मजकूर म्हणून बसल्यात. ओळखायचं कसं तर कॉलम सिलेक्ट करून खाली स्टेटस बारकडे बघा, नुसता काउंट दिसला आणि सम दिसलाच नाही तर सगळा मजकूर आहे. रकमेपुढे "सीआर", "डीआर" लिहिलेलं असेल तर कारण तेच. फाइंड-रिप्लेस करून ते उडवायचा मोह होईल, पण डीआर उडवलं की नावेची रक्कम जमेत मिसळली, मग आधी बाजूच्या कॉलममध्ये =राईट(...,२) करून सीआर-डीआर वेगळं काढून ठेवा, नंतर उडवा. स्वल्पविराम उडवा. एवढं करूनही बेरीज शून्यच येत असेल तर आकड्याच्या पुढे-मागे एक न दिसणारी जागा चिकटलेली असते, वेबपेजवरची खास स्पेस, ती ट्रिमने जात नाही. सेलमध्ये जाऊन ती रिकामी जागाच माऊसने सिलेक्ट करून कॉपी करा, फाइंडच्या चौकटीत पेस्ट करा, रिप्लेस रिकामं ठेवा, रिप्लेस ऑल. यानंतर रकमा आपसूक उजवीकडे सरकल्या म्हणजे जमलं. नाही सरकल्या तर कॉलमचं फॉरमॅट जनरल करून डेटामधलं "टेक्स्ट टू कॉलम्स" उघडा आणि थेट फिनिश दाबा.

प्रश्न : मी पुण्यात एका छोट्या कंपनीत डेव्हलपर आहे, जॉब नवीन आहे. आमच्या ॲपमध्ये एक्स्पोर्ट बटण आहे पण फक्त २५ ओळी येतात. सगळ्या ओळी द्यायला गेलो तर दोन लाख नोंदी, २० कॉलम, सर्व्हरची मेमरी संपते नाहीतर टाईमआउट. सीनियर म्हणतात सीएसव्ही दे आणि मोकळा हो. देऊ का?
— एक वाचक

उत्तर : पंचवीसचं कारण तुलाही माहीत असेल, ते बटण ब्राउझरमध्ये दिसणारा टेबलच उचलतंय आणि पेजवर पंचवीसच आहेत. एक्स्पोर्टसाठी सर्व्हरवर वेगळी वाट कर, फिल्टर तेच, पण पेजिंग (पानापानाने तोडणं) नाही. फिल्टर तेच हे विसरू नको, माणसाने स्क्रीनवर फक्त थकबाकीदार निवडलेत आणि फाईलमध्ये सगळे आले तर शिव्या तुलाच.

मेमरीचा हिशोब करून बघ. पीएचपीस्प्रेडशीट (एक्सेल फाईल बनवणारी लायब्ररी) वापरत असशील तर त्यांच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये एका सेलला साधारण १ केबी धरा असं दिलंय, ६४ बिटवर १.६. दोन लाख गुणिले वीस म्हणजे ४० लाख सेल, म्हणजे ४ ते साडेसहा जीबी. कुठून आणणार? सगळी शीट मेमरीत न धरता ओळ लिहिली की सोडून देणारं काहीतरी लागतं, पायथनमध्ये ओपनपायएक्सएलचा राईट-ओन्ली मोड किंवा एक्सएलएसएक्सरायटरचा कॉन्स्टंट मेमरी, जावात पीओआयचं एसएक्सएसएसएफ. डेटाबेसमधूनही तुकड्या-तुकड्याने घे, पण ऑफसेटने ("पहिल्या इतक्या ओळी सोडून पुढच्या") नको, मधेच नवी नोंद आली की ओळी सरकतात आणि एखादी दोनदा येते, एखादी गळते. आयडीने लावून "शेवटच्या आयडीच्या पुढचे हजार" असं घे. आणि हे सगळं रिक्वेस्टमध्ये करू नको, मागे रांगेत टाक, झालं की डाउनलोडची लिंक दे.

सीएसव्ही देऊन मोकळा हो म्हणणाऱ्या सीनियरना वरचं डोंबिवलीचं पत्र वाचायला दे. एक्सएलएसएक्समध्ये प्रत्येक सेलचा प्रकार तू ठरवतोस, खाते नंबर टेक्स्ट, तारीख तारीख, विषय संपला. सीएसव्ही द्यायचीच असेल तर सुरुवातीला बीओएमचे (ही युटीएफ-८ आहे अशी खूण) तीन बाईट टाक म्हणजे एक्सेलला युटीएफ-८ कळतं, तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिही, पत्त्यात स्वल्पविराम असणारच तेव्हा अवतरण चिन्हं लाव. युझरने भरलेल्या मजकुराची सुरुवात =, +, - किंवा @ ने असेल तर त्या चिन्हाच्या आधी एक ॲपॉस्ट्रॉफी लाव, नाहीतर कुणीतरी नावाच्या रकान्यात फॉर्म्युला भरून ठेवतो आणि तो तुमच्या अकाउंटंटच्या मशीनवर चालतो. पण खऱ्या रकमांच्या उणे चिन्हाला हात लावू नको.

अजून एक, सर्व्हरची वेळ यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) असेल तर आपण साडेपाच तास पुढे. १ एप्रिलला पहाटे दोनला आलेलं ऑनलाईन पेमेंट फाईलमध्ये ३१ मार्चला पडतं, म्हणजे आर्थिक वर्षच बदललं. लिहिण्याआधी वेळ भारतीय कर.

आणि ओळींची मर्यादा. एक्सएलएसएक्समध्ये १०,४८,५७६ ओळी बसतात, जुन्या एक्सएलएसमध्ये ६५,५३६. लहान वाटतं ना हे? ऑक्टोबर २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी आरोग्य खात्यात कोविडचे रिपोर्ट सीएसव्हीतून जुन्या एक्सएलएसमध्ये ओढले जात होते, शीट भरली, पुढच्या ओळी गुपचूप गळल्या आणि १५,८४१ पॉझिटिव्ह केसेस आकड्यांत उशिरा आल्या, त्यांच्या संपर्कातल्या लोकांना कळवणंही लांबलं. गुपचूप हा शब्द लक्षात ठेव. अर्ध्यात तुटलेली सीएसव्ही दिसायला पूर्णच दिसते. म्हणून डाउनलोडच्या लिंकशेजारी "एकूण नोंदी इतक्या" असं लिही, घेणारा शेवटच्या ओळीशी ताडून बघेल.

प्रश्न : ताई, शाळेच्या पोर्टलवरची मुलांची यादी मोबाईलवर उघडतच नाही, कॉम्प्युटरवर उघडते. मोबाईलमध्ये काही सेटिंग आहे का?
— शिक्षिका, नगर जिल्हा

उत्तर : सेटिंग नाही, तुमचीही ती सांगलीवाली फाईल दिसतेय, नाव एक्सएलएस आणि आत वेबपेज. कॉम्प्युटरवरचं एक्सेल वॉर्निंग देऊन का होईना सांभाळून घेतं, मोबाईलची ॲप्स सरळ नाही म्हणतात. कॉम्प्युटरवर उघडा, सेव्ह ॲजमध्ये "एक्सेल वर्कबुक" निवडा आणि ती नवी फाईल मोबाईलवर घ्या. सेव्ह करण्याआधी मुलांचे १५ आकड्यांहून मोठे नंबर एखाद्या कॉलममध्ये आहेत का तेवढं बघा. आधार १२ आकडी आहे, त्याला काही होत नाही, सेलचं फॉरमॅट नंबर करून डेसिमल शून्य केलं की पूर्ण दिसेल.